न पाहिलेल्या लंडनचा आराखडा

प्रवासावर लिहायचे तर प्रवास केलेला असावा लागतो, असा आपल्याकडे एक समज आहे. तो खरा धरला तर प्रस्तुत लेखिकेला लेखणी खाली ठेवावी लागेल. मी लंडन पाहिलेले नाही. माझा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास नायगाव ते हैदराबाद, तोही एस. टी. ने. तथापि गेल्या उन्हाळ्याचे दोन महिने मी त्या शहरात मनाने इतकी हिंडले आहे, की कॅम्डनहून ट्रॅफल्गार चौकात कोणती बस जाते हे मला नरसीच्या बसपेक्षा लवकर आठवते.

त्याचे कारण असे. माझी थोरली बहीण राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनच्या एका विद्यापीठात शिकायला गेली. जुलैत तिचा पदवीदान समारंभ होता आणि त्याला घरच्यांना बोलावणे होते. आईने प्रथमच सांगून टाकले, "पेरणी टाकून मी येत नाही, तुम्ही या जाऊन." राहिले बाबा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, एक गुडघा दुखरा, आणि बारा वर्षांचा मधुमेह. निवृत्तीच्या पैशातून बाजूला काढलेली रक्कम एकदाच खर्च होणार होती. पुन्हा जाणे नाही. दिवस मिळणार होते पाच. त्यांत काय पाहायचे, कुठे खायचे, याचा आराखडा करण्याचे काम घरातली 'वाचणारी' म्हणून माझ्याकडे आले.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' आणि मीना प्रभू यांचे 'माझं लंडन' आणले, नकाशा मिळवला, आणि आठ दिवसांत एक यादी तयार केली. सतरा ठिकाणे! राणीचा (आता राजाचा) वाडा, टॉवर, पूल, दोन मोठी चर्चे, चार संग्रहालये, ग्रिनिचची ती रेषा, आणि आणखी बरेच. ताईला फोनवर वाचून दाखवली. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "अगं, ही लंडनची यादी आहे की माहूर-औंढा-परळी एका दिवसात करणारी देवदर्शनाची जीप?"

या यादीच्या सवयीचा मूळपुरुष, मित्रहो, एक बेडेकर आहे. लोणच्याचे नव्हेत. कार्ल बेडेकर नावाचा जर्मन प्रकाशक एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याने प्रवाशांसाठी खिशात मावतील अशी मार्गदर्शके काढली आणि पाहण्याजोग्या स्थळांपुढे तारे छापले. तेव्हापासून युरोपात जाणारा माणूस शहर पाहीनासा झाला आणि तारे मोजू लागला. मुंबईहून निघणाऱ्या सहलींतही तेच चालते. आपली माणसे दहा दिवसांत सहा देश करून येतात, आणि विचारले की कोणत्या देशात काय पाहिले, तर छायाचित्रे काढून जुळवावी लागतात. मी यात त्यांना नावे ठेवत नाही. पैसे एकदाच खर्च व्हायचे असले की सगळे पाहून घ्यावेसे वाटते. मलाही तेच वाटले होते.

ताईने मग एकच प्रश्न बाबांना विचारायला सांगितला : एवढ्या लांब जाऊन एकच गोष्ट पाहायला मिळाली, तर कोणती? बाबांना विचार करावा लागला नाही. म्हणाले, "हिचा समारंभ आणि बाबासाहेबांचे घर. बाकी तुमच्या मर्जीने."

यादी तिथे संपली आणि आराखडा सुरू झाला.

ते घर म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. वायव्य लंडनमध्ये, चॉक फार्म या भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला आले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून, पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२१-२२ मध्ये त्यांचा मुक्काम या घरात होता. पुढे १९२३ पर्यंत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी. एस्सी. आणि त्याआधी ग्रेज इनची बॅरिस्टरी, असा तो काळ. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे घराचा संग्रहालय म्हणून वापर करण्याला तिथल्या नगरपरिषदेने हरकत घेतली, चौकशी झाली, आणि २०२० मध्ये अखेर परवानगी मिळाली. ही हकीगत आराखडा करणाऱ्याने लक्षात ठेवावी, कारण तिच्यात एक सूचना आहे : ती राहत्या घरांची शांत गल्ली आहे. तिथे जत्थ्याने जाऊन घोषणा द्यायच्या नसतात, आणि जाण्याआधी उघडण्याच्या वेळा विचारून घ्यायच्या असतात.

आता या घराभोवती दिवस कसा बांधावा? इथे मला नकाशाने शिकवले. मोठे शहर हे एक गाव नसून अनेक गावांचा पुंजका असतो. आपण पुण्याच्या पेठा म्हणतो तसे. एका दिवशी एकाच पेठेत, किंवा फार तर एका बसमार्गावरच्या दोन पेठांत राहावे. मी आधी केलेल्या यादीत सकाळी ग्रिनिच आणि दुपारी घर होते. म्हणजे शहराच्या आग्नेय टोकाहून वायव्येला. कागदावर ते दोन ओळींचे अंतर होते. दुखऱ्या गुडघ्याला ते किती झाले असते, कुणास ठाऊक!

घराजवळच प्रिमरोझ हिल नावाची टेकडी आहे. तिकीट नाही, दार नाही. गवतावर बसावे, समोर सारे लंडन. तिथून चालत कॅम्डन टाऊनला आले की २४ क्रमांकाची दुमजली बस मिळते, ती ब्रिटिश म्युझियमच्या जवळून ट्रॅफल्गार चौकाकडे जाते. वरच्या मजल्यावरचे अगदी पुढचे बाक हे लंडनमधले सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वोत्तम प्रेक्षणीय स्थळ असावे. (हे मत बाबांचे, मी उसने घेतले आहे.) एवढे ध्यानात ठेवावे की २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवावे लागते. तासाभरात बस कितीही बदलल्या तरी भाडे एकदाच पडते, आणि दिवसभराच्या भाड्याला वरची मर्यादा असते. आपल्याकडच्या वाहकाशी सुट्ट्या पैशांवरून होणारा संवाद मात्र तिथे नाही.

ब्रिटिश म्युझियमला प्रवेशशुल्क नाही. नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सायन्स म्युझियम यांनाही नाही. उलट टॉवर, वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉल्स यांची तिकिटे माणशी काही हजार रुपयांत जातात. रविवारी तर ही दोन्ही चर्चे पर्यटकांना बंद असतात, केवळ उपासनेला उघडी असतात. पण संध्याकाळच्या सामुदायिक गायनाच्या प्रार्थनेला कुणीही बसू शकतो आणि तिला पैसे नाहीत. वास्तू बसून पाहायची तर याहून चांगली वेळ कोणती?

ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. म्हणून घराचा दिवस शुक्रवार ठरला : सकाळी घर, मग टेकडी, दुपारी जेवण व विश्रांती, चारनंतर म्युझियम. तिथेही सगळे पाहायचे नाही. आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आणि मधोमध असलेली, १८५७ मध्ये उघडलेली ती घुमटाकार अभ्यासिकेची इमारत, एवढेच मी लिहून दिले. बाबासाहेब ज्या वाचनालयात दिवस दिवस बसत ते हेच. पुस्तके आता ब्रिटिश लायब्ररीच्या निराळ्या इमारतीत गेली आहेत. शिवकालीन म्हणून गाजलेली वाघनखे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये पाहू, असे बाबांच्या एका मित्राने सुचवले होते. पण ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यास पाठवण्यात आली होती. ती पाहायला विमानाची गरज नव्हती.

टॉवर मी शेवटी खोडला. कोहिनूर तिथे आहे, हे खरे. पण मुकुटांसमोर सरकता पट्टा असतो आणि माणूस त्यावर उभा राहून पुढे वाहून जातो, असे ताईने सांगितले. बाबा म्हणाले, "आपल्या गोवळकोंड्याच्या मुलखातला दगड, आणि तो बघायला तिकीट काढून पट्ट्यावर उभे राहायचे? राहू दे." गुडघा वाचला, पैसे वाचले.

आता खाण्याकडे येते. वस्तुतः लेखाचे हे अर्धे अंग मोठे असायला हवे, कारण घरात खरी काळजी याचीच होती. बाबा शाकाहारी नाहीत, पण मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर आणि त्यांवर अन्न वेळेवर, हा नियम चुकवता येत नाही. आईने प्रथम जो डबा आखला तो पाहून मला कायदा वाचावा लागला. भारतातून ब्रिटनमध्ये जाणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा बाद. दुधात भिजवलेल्या दशम्याही बाद. धपाट्यात दही घालायचे नाही. बहुतेक ताजी फळे-भाज्यांनाही प्रमाणपत्र लागते. "मग माणूस नेतो तरी काय?" आईने विचारले. कारळाची आणि जवसाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, गूळ, कडक भाकरी आणि दोन डझन उडदाचे पापड, असा तह झाला.

सकाळचे पोटभर खाणे ताईच्या खोलीवर, रात्रीचेही शक्यतो तिथेच, प्रश्न दुपारचा. त्यासाठी मी एक नियम केला : खाण्यासाठी वाट वाकडी करायची नाही, पाय जिथे असतील तिथले चांगले आणि परवडणारे खाणे आधी हेरून ठेवायचे. नामांकित खानावळीसाठी शहर ओलांडायचे, तिथे रांगेत तासभर उभे राहायचे, आणि मधुमेही माणसाने तोवर काय करायचे? शुक्रवारसाठी ड्रमंड स्ट्रीट निवडला. यूस्टन स्थानकालगतची ही गल्ली भारतीय, त्यातही शाकाहारी खानावळींसाठी जुनी प्रसिद्ध आहे, आणि म्युझियम तिथून फार लांब नाही. इतर दिवशी, किराणा दुकानात सँडविच, सोबत काही चटकमटक आणि पेय असा जोड एकाच ठरावीक किमतीत मिळतो, तो घेऊन बागेत बसायचे. साधे नळाचे पाणी पिण्याजोगे असते, आणि इंग्लंडमध्ये जिथे मद्य विकण्याचा परवाना आहे तिथे मागितल्यास ते फुकट द्यावेच लागते. लाजू नये. उपाहारगृहाच्या बिलात बऱ्याचदा सेवेची रक्कम आधीच मिळवलेली असते, तेव्हा वेगळी बक्षिसी ठेवण्याआधी बिल वाचावे.

शाकाहारी मित्रमैत्रिणींसाठी दोन शब्द. 'व्हेजिटेरियन' असे लिहिलेल्या पदार्थात अंडे असू शकते. 'व्हीगन' म्हणजे अंडेही नाही, दूधही नाही. बटाट्याचे काप काही दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळतात, म्हणून विचारून घ्यावे. मासे-बटाटे हा तिथला लोकप्रिय पदार्थ बाबांनी एकदा खाल्ला. पिठात बुडवून तळलेला मोठा काप, वर मीठ आणि व्हिनेगर. अभिप्राय वहीत आहे : "चांगला. पण काटा नसल्याने मासा खाल्ल्यासारखे वाटत नाही. आपल्या गोदेचा मासा निदान काट्याने ओळख तरी देतो."

पैशाबद्दल एक अनुभव सांगण्यासारखा आहे. एका पौंडाला शंभराहून अधिक रुपये पडतात. पहिल्या दिवशी बाबांनी चहाचा पेला हातात घेऊन मनातल्या मनात गुणाकार केला आणि चहा थंड झाला. मग ताईने रोजच्या खर्चाची रक्कम पौंडांत ठरवून एका पाकिटात घातली आणि सांगितले, "हे संपले तर दिवस संपला. रुपये नायगावला." त्यानंतर गुणाकार थांबला.

पहिल्या दिवसाविषयी मी मुद्दाम शेवटी लिहिते आहे, कारण आराखड्यातला तोच भाग मला सर्वांत आवडतो. आपल्या भागातून लंडनला जायला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, आणि तिथून थेट विमान आहे. ते दुपारी उतरले. हीथ्रो विमानतळावरून शहरात येणाऱ्या एलिझाबेथ मार्गावर (ही रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाली) साउथॉल हे स्थानक वाटेतच लागते. पंजाबी लोकांची ही मोठी वस्ती; तिथल्या श्री गुरू सिंग सभेच्या गुरुद्वाराची भव्य वास्तू २००३ मध्ये उघडली. दहा तासांच्या विमानानंतर नवख्या माणसाला काय खाऊ घालावे, याला मला सुचलेले उत्तर होते : लंगर. नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला लंगर शिकवावा लागत नाही. डोक्याला रुमाल बांधायचा, पंगतीत बसायचे, मिळेल ते आदराने खायचे, ताटात टाकायचे नाही. आणि हातून होईल ती सेवा करायची.

बाबांनी रुमाल बांधला. डाळ वाढणाऱ्या वृद्ध सेवेकऱ्याने हिंदीत विचारले, कुठून आलात? बाबा म्हणाले, "नांदेड." त्या माणसाने वाढपाची बादली खाली ठेवली आणि हात जोडले. हुजूर साहिब, एवढाच शब्द बोलला. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी, १७०८ मध्ये, गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला ते गाव नायगावपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. आपण तिथे खतासाठी, दवाखान्यासाठी आणि दाखल्यांसाठी जातो. बाबांनी ताईला नंतर सांगितले, की आपण इतक्या मोठ्या गावचे आहोत हे कळायला एवढ्या लांब यावे लागले. जेवल्यावर त्यांनी अर्धा तास भांडी विसळली. गुडघ्याने तक्रार केली नाही.

आराखड्यात चुका झाल्या त्या माझ्या. एका स्थानकावर उतरायचे लिहिले तिथे जिनेच जिने होते; पायऱ्यांची चौकशी मी केलीच नव्हती. भुयारी रेल्वेची सुरुवात १८६३ मधली, तेव्हा सगळीकडे उद्वाहक असणार नाहीत हे सुचायला हवे होते. दुसरी चूक याहून गंभीर. शनिवारी ते वेस्टमिन्स्टर पुलाजवळ नदीकाठाने फिरत होते. संसदेची इमारत समोर. पहिल्या गोलमेज परिषदेचे उद्घाटन १२ नोव्हेंबर १९३० रोजी तिथेच, लॉर्ड्स सभागृहाच्या रॉयल गॅलरीत झाले आणि डॉ. आंबेडकर तिला प्रतिनिधी म्हणून होते, हे बाबा ताईला समजावून सांगत होते. ऊन चांगले पडले होते. बाबांच्या हिशेबाने पाच वाजले असावेत. एकाएकी त्यांचे हात थरथरू लागले, घाम सुटला. ताईने घड्याळ पाहिले : आठ वाजून गेले होते! जुलैत लंडनचा सूर्य नवाच्या पुढे मावळतो, हे मी वहीत लिहिले होते, पण 'फिरायला जास्त वेळ मिळेल' या सदरात. जेवणाच्या सदरात लिहायचे राहिले. पिशवीत आईने दिलेला गूळ आणि शेंगदाणे होते म्हणून निभावले. पुलाच्या कठड्याला टेकून बाबांनी गुळाचे दोन खडे खाल्ले आणि दहा मिनिटांनी पुन्हा गोलमेज परिषदेवर आले. पण ताईचा त्या रात्रीचा फोन मला अजून आठवतो. तेव्हा उत्तरेकडच्या शहरांत उन्हाळ्यात जाणाऱ्याने, विशेषतः औषधे घेणाऱ्याने, घड्याळाने जेवावे, उन्हाने नव्हे. हिवाळ्यात उलट : डिसेंबरात चार वाजण्याच्या सुमारासच अंधार पडतो, आणि बाहेरचे सारे पाहणे सकाळी उरकावे लागते.

घराविषयी बाबांनी फारसे सांगितले नाही. वहीत त्या पानावर फक्त वेळ लिहिली आहे : आत ५० मिनिटे, बाहेर समोरच्या पदपथावर २५ मिनिटे. पंचवीस मिनिटे पदपथावर काय केले, असे मी विचारले तर म्हणाले, "उभा होतो."

पण त्या शुक्रवारच्या रात्रीची हकीगत ताईने सांगितली. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात एक मजकूर आहे, तो बाबा वर्गात सांगत असत : लंडनच्या त्या दिवसांत घरमालकिणीचे खाणे अपुरे, रात्री भुकेने झोप येईना, तेव्हा ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड भाजून त्यावर कपभर दूध पिऊन बाबासाहेब पुन्हा अभ्यासाला बसत. म्युझियमहून परतल्यावर ताईने जेवण वाढायला घेतले, तर बाबा म्हणाले, "आज चार पापड भाज आणि कपभर दूध दे." तिने भाकरी खाण्याच्या अटीवर ते मान्य केले. विजेच्या शेगडीवर पापड भाजायची तिला सवय नव्हती; तिसरा पापड करपला आणि छताला लावलेली धुराची घंटा कर्कश वाजू लागली. त्या घरात आणखी पाच विद्यार्थी राहतात. सगळे खोल्यांतून धावत बाहेर आले, एक नायजेरियाचा, दोघी चिनी, एक इटालियन, एक तमिळ. बाबा मध्ये उभे, हातात पापड. घंटा थांबल्यावर ताईने काय झाले ते इंग्रजीत सांगितले, कुणाचे घर, कोणते पापड, सगळे. मग त्या पाचही जणांनी एकेक पापड मागितला, आणि बाबांनी दोन डझनांचा डबाच आणून ओट्यावर ठेवला.